कंपनीवाल्यांची भरती

१९७२ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत दोन गोष्टी घडल्या. १४ मार्चला राज्यसभेच्या याचिका समितीने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबद्दल अहवाल दिला आणि २० एप्रिलला नवा पेटंट कायदा अमलात आला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी तेव्हा मिरजेला शाळेत होतो आणि त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी पावसाशिवाय दुसरा विषय नव्हता. पुढे मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह झालो, मॅनेजर झालो, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो. या धंद्यात कोणाला बोलावलं जायचं, काय विचारलं जायचं आणि निवड झाल्यावर माणसाच्या हातात काय पडायचं, हे त्या दोन गोष्टींनी ठरवलं असं माझं ठाम मत झालं आहे. औषधांचा इतिहास लिहिला गेला, कंपन्यांच्या संस्थापकांचा लिहिला गेला. दाराबाहेर फाइल धरून बसलेल्या उमेदवाराच्या बाजूने लिहिलेलं माझ्या वाचनात फार थोडं आलं, म्हणून हे.

आधी मुंबईकडे पाहू, कारण धंदा तिथून सुरू झाला. ग्लॅक्सो १९२४ साली भारतात आली ती लहान मुलांच्या दुधाची पावडर घेऊन. नंतर ती औषधांची मोठी कंपनी झाली आणि वरळीला डॉ. अ‍ॅनी बेझंट रस्त्यावर तिचं मुख्यालय झालं. त्याच रस्त्यावर सँडोझ. भांडुपला मे अँड बेकर, मुलुंडला हेक्स्ट, साकीनाक्याला पार्क-डेव्हिस. देशी कंपन्याही होत्या. ख्वाजा अब्दुल हमीदांनी १९३५ साली काढलेली सिप्ला मुंबई सेंट्रलजवळच होती. पण १९११च्या जुन्या कायद्याने पेटंट खुद्द औषधावर मिळायचं. नवं औषध ज्याचं, त्याच्याशिवाय दुसऱ्याने ते कुठल्याही रीतीने बनवायचं नाही. त्यामुळे नवी औषधं परदेशी कंपन्यांकडे, आणि त्यांची किंमत परवडणारे पेशंट मोठ्या शहरांत. मुंबई, पुणे, नागपूर, फार तर कोल्हापूर-सोलापूर एवढ्या ठिकाणी पदवीधर डॉक्टर गाठले की त्यांचं काम भागायचं. माणसं थोडी लागायची, म्हणून ती निवडून-पारखून घेतली जायची.

अशी माणसं मी लहानपणापासून पाहत होतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, १९६२ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि गल्लोगल्ली खासगी डॉक्टर. दुपारी चारच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि चामड्याची जड बॅग घेतलेला माणूस दिसला की दवाखान्यातले पेशंट म्हणायचे, ‘कंपनीवाले आले.’ आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक डॉक्टर होते. त्यांच्या ओट्यावर हे कंपनीवाले ताटकळत उभे असायचे आणि आत गेले की चार-पाच मिनिटांत बाहेर यायचे. एवढ्या वेळात हा माणूस आत असं काय सांगतो, याचं मला भारी कुतूहल होतं. विलिंग्डन कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना बँक हवी होती आणि मला ती बॅग.

पहिला कॉल आला तो मुंबईतल्या एका परदेशी कंपनीचा. जाड, कोरा करकरीत कागद, वर उठावाची अक्षरं, आणि खाली दुसऱ्या वर्गाचं जाण्या-येण्याचं भाडं मिळेल असं लिहिलेलं. ते वाक्य वडिलांनी दोनदा वाचलं. महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, तिथेच कपडे बदलले. टाय मामेभावाचा होता आणि गाठ मिरजेतूनच बांधून आणली होती, फक्त गळ्यात घालून ओढायची. वेटिंग रूमच्या आरशासमोर माझ्यासारखेच आणखी तीन-चार जण होते. कोणी नागपूरहून, कोणी जळगावहून. एकमेकांकडे न पाहता आम्ही भांग पाडत होतो.

आत तीन साहेब होते. अभ्यासाचं विचारलं, ते मला आलं. मग एकाने समोरचं फाउंटन पेन उचललं आणि म्हणाला, हे मला विका. इंग्रजीत. पेन कसं चालतं, निब कशाचं असतं, हे मी मराठीत पंधरा मिनिटं सांगितलं असतं. इंग्रजीत माझ्याकडे तेवढी वाक्यं नव्हती. मधल्या साहेबांनी वडील काय करतात, घरी इंग्रजी पेपर येतो का, क्रिकेट खेळता का, असं विचारलं. ते सभ्यपणे बोलले, चहा दिला, भाड्याचे पैसे पाकिटात घालून दिले. दोन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं, तेही त्याच जाड कागदावर. माझ्या आधीच्या पिढीतले सीनियर सांगायचे की त्यांच्या वेळी शेवटची फेरी जेवणाच्या टेबलावर व्हायची आणि उमेदवार सूप कसं पितो तेही पाहिलं जायचं. ज्या डॉक्टरांकडे त्यांना माणूस पाठवायचा होता ते डॉक्टर त्याच वर्गातले, त्याच भाषेत शिकलेले होते, म्हणून कंपनीला तसाच माणूस हवा होता. व्यवहार म्हणून ते मला समजतं. पण त्या टेबलावर कितीतरी हुशार पोरांची वाट अडली, ती औषधशास्त्र येत नव्हतं म्हणून नव्हे, आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

आता तो पेटंट कायदा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालावर तो बेतलेला होता. संसदेत १९७० साली मंजूर झाला आणि १९७२ साली लागू झाला. त्याने औषधावरचं पेटंट काढून टाकलं आणि फक्त औषध बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं, तेही पेटंट मिळाल्यापासून पाच किंवा अर्ज केल्यापासून सात वर्षं, यांतलं जे आधी संपेल तेवढंच. म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवता आलं तर कोणीही बनवावं. देशी कंपन्यांना रान मोकळं झालं. पण मोठ्या शहरांतल्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात परदेशी कंपन्यांची नावं पक्की बसलेली होती. मग देशी कंपन्या निघाल्या बार्शीला, उदगीरला, शहाद्याला, चिपळूणला. तिथल्या डॉक्टरांकडे तोवर क्वचितच कोणी जात होतं. आणि तिथे जायला माणूस हवा तो एसटीच्या वेळा माहीत असलेला, लॉजवर एकटा राहू शकणारा, डॉक्टरांशी त्यांच्या बोलीत बोलणारा. अहमदाबादच्या टोरंटचे संस्थापक उत्तमभाई मेहता हे स्वतः आधी सँडोझचे रिप्रेझेंटेटिव्ह होते. ज्याने बॅग उचलली आहे त्याला गावोगावच्या डॉक्टरांचं मोल कळतं, आणि देशी कंपन्यांच्या पुढच्या वाटचालीत मला ते दिसतं. मराठी माध्यमात शिकलेल्या, तालुक्याच्या गावातल्या माझ्यासारख्या मुलांना या धंद्याचं दार उघडलं ते कोणाच्या मनाच्या मोठेपणाने नव्हे, या कायद्याने.

मुलाखतीही मग मुंबईहून खाली आल्या. माझी झाली १९७८ साली, सोलापूरला स्टेशनजवळच्या एका लॉजवर. खोलीतला पलंग भिंतीला सरकवलेला, गादीवर फायलींची चवड, टेबल एकच आणि खुर्च्या दोन. जिन्यापासून पॅसेजच्या टोकापर्यंत आम्ही उभे. मॅनेजर पन्नाशीचे, विदर्भाकडचे. सर्टिफिकेटं पाहिली न पाहिली आणि विचारलं, “बार्शीचं काम दुपारी आटोपलं आणि संध्याकाळी पंढरपूर गाठायचं, तर कसे जाल?” मी मिरजेचा. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही छोटी रेल्वे माझ्या ओळखीची. मी म्हटलं, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर कुर्डुवाडीला गाडी बदलून. त्यांनी मान हलवली. “आणि गाडी चुकली तर?” म्हटलं, कुर्डुवाडीला रेल्वे दवाखान्यात डॉक्टर असतात, त्यांना भेटीन. ते पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी एक छापील पत्रक दिलं आणि पॅसेजमध्ये जाऊन अर्ध्या तासात पाठ करून यायला सांगितलं. को-ट्रायमॉक्साझोल. एका गोळीत ट्रायमेथोप्रिम ८० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ४०० मिलिग्रॅम. जंतू स्वतःसाठी फॉलिक आम्ल तयार करतात, त्या साखळीतल्या लागोपाठच्या दोन पायऱ्या ही दोन औषधं रोखतात, म्हणून एकेकट्यापेक्षा जोडीचा परिणाम जास्त. पाठ करायला ते अवघड नव्हतं. परीक्षा पुढे होती. मॅनेजर डॉक्टर झाले आणि माझ्या चौथ्या वाक्याला त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. नंतर घड्याळ पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या पोऱ्याला चहा सांगितला. आपलं ऐकलं जात नाही हे कळत असताना माणूस आवाज चढवतो, घाईला येतो, की थांबून एखादा प्रश्न विचारतो, हे ते बघत होते. मी थांबलो आणि म्हणालो, “सर, लघवीच्या इन्फेक्शनला तुम्ही सध्या काय देता?” नोकरी तिथे मिळाली, असं ते मला पुढे कधीतरी म्हणाले. डॉक्टरांना औषध असं समजावून सांगण्याला आमच्या धंद्यात डिटेलिंग म्हणतात. मी पुढे शेकडो मुलांना ते शिकवलं, पण त्या खोलीत ते जसं तपासलं गेलं त्याहून नेमकी कसोटी मला सापडली नाही.

शेवटचा टप्पा फील्डचा. उमेदवाराला एक पूर्ण दिवस सीनियरबरोबर पाठवायचे आणि संध्याकाळी त्या सीनियरचं मत घ्यायचे. ही पद्धत बऱ्याच कंपन्यांत होती, आणि निवडीतला सर्वांत प्रामाणिक भाग हाच होता असं मी मानतो, कारण या दिवशी उमेदवारही कंपनीला पारखायचा. माझा दिवस अक्कलकोटला गेला. सकाळच्या एसटीने पोहोचलो. सीनियर आधी डॉक्टरांकडे गेलेच नाहीत, केमिस्टकडे गेले. काउंटरच्या कडेला उभं राहून कोणत्या डॉक्टरांची कोणती चिठ्ठी येते ते पाहिलं, केमिस्टच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, वहीत चार ओळी लिहिल्या. मग दवाखाने. पहिल्याच ठिकाणी बाकावर जागा होती म्हणून मी बसणार, तोच त्यांनी हलकेच कोपराला धरलं. एक म्हातारी मागून येत होती. “पेशंट उभा असताना आपण बसायचं नाही,” एवढंच म्हणाले. हा नियम कुठल्याही ट्रेनिंगच्या फायलीत नव्हता. मी तो शेवटपर्यंत पाळला आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला पाळायला लावला.

दुपारी डॉक्टर घरी जेवायला गेले की गाव झोपतं आणि कंपनीवाल्याला जायला जागा नसते. त्या तीन तासांत बरीच मुलं मनातल्या मनात ही नोकरी सोडतात. सीनियरनी मला स्वामी समर्थांच्या मठाच्या सावलीत बसवून डेली रिपोर्ट कसा लिहायचा ते दाखवलं: कोणाला भेटलो, काय सांगितलं, कोणतं सॅम्पल दिलं, डॉक्टर काय म्हणाले. रात्री नऊला शेवटच्या डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणाला, “आज नाही, उद्या या.” सीनियरनी त्याला नमस्कार केला, आणि आम्ही शेवटची एसटी धरली. गाडीत त्यांनी विचारलं, “जमेल का?” मी हो म्हटलं. माझ्याबरोबर निवडलेल्या एकाने अशाच दिवसानंतर नको म्हटलं आणि तो शिक्षक झाला. दोघांचेही निर्णय त्या एका दिवसाने नीट झाले.

आणि आता तो याचिका समितीचा अहवाल, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. निवड झाली, पुढे काय? १९६१ साली मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रिप्रेझेंटेटिव्हचं मुख्य काम विक्रीसाठी प्रचार करण्याचं, ते अंगमेहनतीचंही नाही आणि कारकुनीही नाही, म्हणून औद्योगिक विवाद कायद्याखाली तो ‘कामगार’ ठरत नाही. त्याला काढलं तर कामगार न्यायालयाचं दार बंद. १९६३ साली देशभरच्या रिप्रेझेंटेटिव्हांनी आपला महासंघ स्थापन केला, राज्यसभेकडे याचिका केली, समितीने ती मनावर घेतली आणि १९७६च्या मार्चमध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. त्यात रजा आली: कामावर काढलेल्या काळाच्या अकराव्या भागाइतकी पगारी रजा, आजारपणात सेवाकाळाच्या अठराव्या भागाइतकी अर्ध्या पगारी. आणि पाचव्या कलमात आलं नेमणुकीचं पत्र. नव्या माणसाला नेमणूक होताच, आधीपासून नोकरीत असलेल्याला तीन महिन्यांच्या आत, ठरलेल्या नमुन्यात.

हे कलम किती मोलाचं होतं हे बाहेरच्याला पटवणं कठीण आहे. त्याआधी अनेकांची नेमणूक तोंडी व्हायची. कायदा आल्यावरही सगळीकडे तो एकदम पाळला गेला असं नाही. माझ्या बरोबरीच्या एका मुलाकडून त्याच्या कंपनीने मूळ मार्कशीट ठेवून घेतलं होतं आणि तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेतली होती. तो मार्कशीट मागायला गेला तेव्हा तोच राजीनामा त्याच्यापुढे धरला गेला. कायद्यातही खोट होती. महिना ७५० रुपयांपेक्षा जास्त पगार असेल तर तो लागू नव्हता. मी त्या रेषेच्या आत होतो, माझे अक्कलकोटचे सीनियर बाहेर. एकाच स्टँडवर एकच गाडी धरणारे आम्ही दोघं. मला काढलं तर दाद मागता आली असती, त्यांना नाही. ही मर्यादा १९८६च्या दुरुस्तीने उठली. १९९४ साली आणखी एक निकाल आला. सँडोझच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात, रिप्रेझेंटेटिव्ह मूळ व्याख्येनुसार कामगार नव्हे, असंच पुन्हा ठरवलं. महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार करण्याची वाट त्यामुळे आमच्यासाठी बंद झाली. राहिला तो १९७६चा कायदा. युनियनच्या कार्यालयात त्या दिवशी झालेली शांतता मी पाहिलेली आहे.

बायकांबद्दल थोडं. मी मॅनेजर झालो तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मुलाखतीला मुली येऊ लागल्या होत्या, बहुतेक बी.फार्म. झालेल्या. त्यांना विचारले जाणारे प्रश्न निराळेच असायचे. लग्न कधी, नवऱ्याची बदली झाली तर काय, रात्रीच्या मुक्कामाचं काय. औषधाचं उत्तर मुलांपेक्षा चोख देऊनही त्या नाकारल्या जायच्या, आणि घेतल्या तर मुंबई-पुण्यापुरत्या. पहिली काही वर्षं टिकून राहिलेल्या त्या मुलींनी पुढच्या सगळ्यांची वाट केली.

२००५च्या १ जानेवारीपासून औषधावरचं पेटंट परत आलं. तोवर देशी कंपन्या मोठ्या झाल्या होत्या, जिल्ह्याजिल्ह्यांत फार्मसी कॉलेजं निघाली होती आणि लॉजच्या खोलीची जागा हॉटेलच्या हॉलने घेतली होती. ‘वॉक-इन’ अशी जाहिरात यायची आणि सकाळी आठपासून रांग लागायची. एका माणसाला पाचेक मिनिटं मिळायची. गाडी आहे का, लायसन्स आहे का, आधीच्या कंपनीत टार्गेट किती टक्के केलं. फील्डचा दिवस अनेक ठिकाणी गेला. मी वरिष्ठांशी त्यासाठी भांडलो, कारण ज्याने दुपारचं बंद गाव पाहिलेलं नाही त्याला आपण खरं काही न सांगता कामाला लावतो. २०२०च्या साथीत दवाखान्यांची दारं रिप्रेझेंटेटिव्हना बंद झाली आणि मुलाखती मोबाइलच्या पडद्यावर गेल्या.

त्याच वर्षी संसदेने कामगार संहिता मंजूर केल्या आणि आमचा १९७६चा कायदा व्यवसायविषयक सुरक्षितता व आरोग्याच्या संहितेत सामावून घेतला. त्या संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचं पत्र देण्याचं बंधन मालकावर घातलेलं आहे, आणि आधीपासून कामावर असलेल्यांसाठी मुदत पुन्हा तीन महिन्यांचीच. बॅगवाल्यांनी याचिका करून आपल्यापुरतं मिळवलेलं कलम आता सगळ्यांचं झालं आहे.

इंटरव्ह्यूला निघालेली मुलं अजून माझ्याकडे येतात. डिटेलिंगची तयारी त्यांची चांगली असते, इंग्रजीही माझ्या वेळेपेक्षा पुष्कळ बरं. मी त्यांना दुसरंच शिकवतो. आपलं हेडक्वार्टर, म्हणजे मुक्कामाचं गाव, कुठलं ते विचारा आणि ते पत्रात लिहून घ्या. प्रोबेशन किती महिन्यांचं आणि वाढलं तर कोणत्या कारणाने वाढेल ते विचारा. मूळ मार्कशीट दाखवा, पण ठेवून येऊ नका. आणि हो म्हणण्याआधी एक दिवस तुमच्या माणसाबरोबर फील्डवर जाऊ द्या, असं आपणहून म्हणा. परवा एक मुलगी असं म्हणाली आणि कंपनीने तिला पंढरपूरला पाठवलं. गुरुवारी ती जॉइन झाली.